शिधा आणि मीट-पाय : ऑस्ट्रेलियन आहाराच्या इतिहासातील एक प्रकरण

ऑस्ट्रेलियातील लोकांना मीट-पाय व बेकरीतील तत्सम पदार्थ यांची जी विलक्षण आवड आहे, तिच्याकडे त्या देशाविषयी लिहिणारे लेखक बहुधा थट्टेच्या दृष्टीने पाहतात. फुटबॉलचा सामना पाहताना एका हातात धरून खाण्याचा, तळहाताएवढा, वर टोमॅटोचा सॉस घातलेला हा पदार्थ म्हणजे तेथील लोकांच्या साधेपणाचे अथवा रुचिहीनतेचे लक्षण, एवढे म्हणून ते पुढे जातात. उलट २००३ साली न्यू साउथ वेल्स राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री बॉब कार यांनी मीट-पायला देशाचा 'राष्ट्रीय पदार्थ' म्हणून गौरविले. थट्टा आणि गौरव या दोहोंतही एक प्रश्न अनुत्तरित राहतो. मीट-पाय ही वस्तू मुळात इंग्लंडची. तेथे ती अनेक पदार्थांपैकी एक राहिली. मग वसाहतीत येऊन तीच राष्ट्राचे चिन्ह कशी बनली ? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडण्यासारखे नसून शिध्याच्या इतिहासात सापडण्यासारखे आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम पदार्थाविषयी थोडेसे सांगणे अवश्य आहे. आपल्याकडील करंजीत जसे पारी आणि सारण हे दोन भाग असतात, तसेच येथेही असतात. मैद्यात चरबी अथवा लोणी घालून केलेली पारी पत्र्याच्या लहान वाटीत बसवितात, तीत गोमांसाचा अथवा मेंढीच्या मांसाचा शिजविलेला दाटसर खिमा भरतात, वरून दुसऱ्या पारीचे झाकण लावून कडा दाबतात आणि मग ते भट्टीत भाजतात. नुसते 'पाय' असे लिहिल्यास मराठी वाचकाचा घोटाळा व्हावयाचा, म्हणून पुढे सर्वत्र मीट-पाय हाच जोडशब्द योजला आहे.

१७८८ च्या जानेवारीत कैद्यांना घेऊन आलेले पहिले ब्रिटिश आरमार सिडनीच्या खाडीत थांबले, तेव्हापासूनच त्या वसाहतीतील अन्न हे शेतातून न येता कोठारातून येत असे. पीठ, खारवलेले मांस व वाटाणे हा शिध्याचा गाभा होता, आणि ही यादी मूलतः ब्रिटिश आरमारातील खलाशांच्या शिध्यावरून घेतलेली होती. आरंभीच्या दोन-तीन वर्षांत पुरवठ्याची जहाजे वेळेवर आली नाहीत, पिके फसली आणि शिधा वारंवार कमी करावा लागला. कैदी, त्यांच्यावरील पहारेकरी आणि अधिकारी या सर्वांचेच जीवित कोठारातील तराजूवर अवलंबून होते. मायकेल सायमन्स यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या 'वन कंटिन्युअस पिकनिक' या ग्रंथात असा सिद्धान्त मांडला आहे की, या वसाहतीला स्वतःचा शेतकरीवर्ग, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एका भूमीवर राहून तेथील पिकांतून आपले पदार्थ घडविणारा समाज, कधी लाभलाच नाही. त्यामुळे तिचे अन्न पहिल्यापासून वाहून नेण्याजोगे असावे लागले. हा सिद्धान्त आम्हांस बव्हंशी मान्य आहे. मात्र त्यात एक भर घातली पाहिजे. हे अन्न नुसते वाहून नेण्याजोगे नव्हते, तर ते कोणीतरी मोजून दिलेले होते.

कैद्यांचा काळ मागे पडू लागला तरी शिधा गेला नाही. अंतर्भागातील विस्तीर्ण कुरणांवर मेंढपाळ, लोकर कातरणारे, कुंपण घालणारे असे मजूर कामास असत. त्यांच्या मजुरीत रोख रकमेबरोबर आठवड्याचा शिधाही ठरलेला असे : दहा पौंड मांस, दहा पौंड पीठ, दोन पौंड साखर आणि पाव पौंड चहा. 'दहा, दहा, दोन आणि पाव' हे जणू एका मंत्राप्रमाणे मजुरांच्या तोंडी बसले होते. पिठाची ओली कणीक राखेत भाजून 'डॅम्पर' नावाचा जाड रोट करावयाचा, मांस भाजावयाचे आणि पत्र्याच्या डब्यात चहा उकळावयाचा, एवढाच त्यांचा स्वयंपाक. या यादीत भाजी नाही, दूध नाही, फळ नाही, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. आता ऑस्ट्रेलियातील कोणत्याही गावच्या बेकरीत दुपारी शिरून पाहिले तर लोक काय घेताना दिसतात ? एक मीट-पाय, एखादा गोड तुकडा आणि पूर्वी चहा, अलीकडे बहुधा कॉफी. पीठ, मांस, साखर, चहा. मेंढपाळाचा शिधा शहरात येऊन काचेच्या कपाटात बसला आहे, असे म्हटले तर ती केवळ अलंकारिक भाषा ठरणार नाही.

मांस एवढे मुबलक कसे होते, याचाही खुलासा केला पाहिजे. मेंढ्या पाळल्या जात त्या लोकरीसाठी. लोकर जहाजाने इंग्लंडला जाई, परंतु मांस इतक्या दूर न्यावयाचे साधन नव्हते. १८४० नंतरच्या मंदीत मेंढीची किंमत इतकी उतरली की, १८४३ साली यास येथील हेन्री ओब्रायन या कुरणमालकाने संपूर्ण मेंढ्या कढईत उकळून त्यांची चरबी साबण व मेणबत्त्यांसाठी विकण्याचा मार्ग लोकप्रिय केला. ज्या देशात मांस उकळून टाकण्यात फायदा होता, त्या देशात मजुराने दिवसातून तीनदा मांस खाल्ले तर नवल नाही. १८८३ साली तेथील नागरी जीवनाचे वर्णन करणाऱ्या रिचर्ड ट्वोपेनीने हीच गोष्ट नोंदविली आहे, आणि न्यू साउथ वेल्सचे सरकारी संख्याशास्त्रज्ञ टी. ए. कॉगलन यांनी १८९० च्या दशकात दाखविले की, दरडोई मांसाच्या सेवनात हे वसाहतवाले ब्रिटनच्या दुपटीहूनही पुढे होते. इंग्लंडमधील गरिबाला जे सणासुदीला मिळे ते इकडे रोजचे झाले होते. स्थलांतर करून आलेल्या माणसाच्या मनात नव्या देशाच्या समृद्धीची खूण जर कोणती असेल तर ती मांसाचीच होती. फिलिप मस्केट या सिडनीच्या वैद्याने १८९३ साली एक ग्रंथ लिहून आपल्या देशबांधवांना कळवळून सांगितले की, आपले हवामान भूमध्य समुद्राच्या काठचे आहे, तेव्हा मांस व चहा यांचा अतिरेक सोडून भाज्या, फळे, मासे व हलकी द्राक्षासवे यांकडे वळा. त्याचे कोणी ऐकल्याचे दिसत नाही.

पिठाचा इतिहास निराळा आहे. १८४३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात जॉन रिडली याचे कणसे खुडणारे यंत्र वापरात आले आणि थोड्या मजुरांत मोठी गव्हाची शेती शक्य झाली. पुढे विल्यम फॅरर याने तांबेरा व दुष्काळ यांना तोंड देणारे वाण तयार करण्याचा ध्यास घेतला. त्याचे १९०१ च्या सुमारास प्रसारात आलेले 'फेडरेशन' हे वाण लवकरच देशभर पसरले. या वाणाच्या वंशावळीत 'इटावा' नावाचा भारतीय गहू आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना मनोरंजक वाटेल. इंग्लंडचे मूळ, ऑस्ट्रेलियाची भूमी आणि गंगा-यमुनेच्या दुआबातील बीज अशा त्रिवेणीतून त्या राष्ट्रीय पदार्थाची पारी लाटली गेली आहे.

परंतु ही कुरणे आणि ही गव्हाची शेते ज्या भूमीवर उभी राहिली, ती रिकामी नव्हती. न्यू साउथ वेल्समधील कडी स्प्रिंग्ज या स्थळी सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीची दळण्याची दगडी साधने उत्खननात सापडली आहेत. गवताचे बी दळून त्याच्या भाकरी भाजण्याची कला त्या खंडातील मूळ रहिवाशांना ठाऊक होती. १८३० च्या दशकात भूमापनासाठी हिंडणाऱ्या टॉमस मिचेल याने डार्लिंग नदीच्या परिसरात कापून रचून ठेवलेल्या गवताच्या गंजी मैलोगणती पाहिल्या आणि तसे लिहून ठेवले. म्हणजे त्या देशातील पहिली बेकरी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर सिडनीत शोधणे चुकीचे होय. मेंढरांनी ते गवत खाऊन टाकले, पाणवठे तुडविले आणि मूळ रहिवासी शिध्यावर आले. ठिकठिकाणी त्यांना पीठ, साखर व चहा वाटण्याची सरकारी केंद्रे निघाली. कुरणमालकाकडे काम करणाऱ्यांना बहुधा रोख वेतन नसेच; जो शिधा गोऱ्या मजुराच्या वेतनाची पुरवणी होता, तोच काळ्या मजुराचे संपूर्ण वेतन बनला. आणि पिठाची एक याहून काळी कथा आहे. १८४२ साली, पुढे क्वीन्सलँडमध्ये मोडणाऱ्या किलकॉय या कुरणावर विष कालविलेले पीठ देऊन अनेक मूळ रहिवाशांना ठार करण्यात आले. या प्रकाराची चर्चा त्या काळीच झाली होती. आहाराचा इतिहास लिहिताना ही गोष्ट वगळण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस योग्य वाटत नाही.

आता शहराकडे वळू. मीट-पाय हा शहराचा पदार्थ, आणि त्याचा पहिला नामांकित विक्रेता म्हणजे विल्यम फ्रान्सिस किंग. १८०७ साली लंडनमध्ये जन्मलेला, धर्मोपदेशक व्हावा म्हणून घरच्यांनी शिकविलेला हा गृहस्थ १८२९ साली सिडनीस आला, काही काळ शिक्षक झाला, मद्यगृहात चाकरीस राहिला आणि अखेर डोक्यावर टोपी, हातात काठी व गळ्यात मीट-पायची पाटी घेऊन रस्त्यावर आला. लोक त्यास 'उडता पायवाला' म्हणत. सिडनीच्या धक्क्यावर पॅरामॅटाच्या वाफबोटीत चढणाऱ्या उतारूंना तो आपला माल विकी, आणि उरलेला घेऊन जमिनीवरून सुमारे अठरा मैल धावत जाऊन, बोट पोहोचताच त्याच उतारूंना पुन्हा विकावयास उभा राही, अशी त्याची ख्याती होती. डाकगाडीशी शर्यत लावून तो जिंकला, खांद्यावर बोकड घेऊन तो सिडनीहून पॅरामॅटास चालत गेला, अशाही हकिकती आहेत. १८७३ साली एका अनाथाश्रमात त्याचा अंत झाला. या कथांत अतिशयोक्ती असेल. तथापि आमच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व वेगळे आहे. मीट-पाय आणि वेग यांची सांगड लोकांच्या मनात किती लवकर बसली, हे त्यांवरून दिसते.

लंडनमध्येही असे फेरीवाले होते. हेन्री मेह्यू याने लंडनच्या श्रमिकांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले आहे. परंतु तेथे पायवाल्याचे गिऱ्हाईक त्याच्या सारणाविषयी सदैव साशंक असे, कारण मांस महाग आणि पायवाला गरीब. सिडनी-मेलबर्नमध्ये स्थिती उलट होती. मांस स्वस्त होते. महाग होता तो वेळ, म्हणजेच श्रम. १८५१ मध्ये सोन्याचा शोध लागला आणि व्हिक्टोरिया वसाहतीची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे ७७,००० वरून ५,४०,००० च्या घरात गेली. घरे नाहीत, चुली नाहीत, बायका थोड्या, आणि खिशात पैसा. १८५६ च्या एप्रिलमध्ये मेलबर्नच्या पाथरवटांनी काम बंद करून आठ तासांचा दिवस मिळविला. जगातील कामगार चळवळीत या विजयाला मोठा मान आहे. पण आठ तासांच्या दिवसाला घड्याळाने कापलेली मधली सुट्टी जोडलेली असते. तेवढ्या वेळात, ताट-वाटी-काट्याविना, काम केलेल्या हातांनी गरमागरम खाता येईल असे मांस हवे होते. इंग्रज मजुराला मीट-पायने मांसाचा आभास दिला. ऑस्ट्रेलियन मजुराला त्याने मांस खाण्याची सवलत दिली. आमच्या मते या भेदातच त्या पदार्थाच्या दोन देशांतील भिन्न भाग्याचे रहस्य आहे.

हे चित्र १८८० नंतर पालटले. १८७९ च्या नोव्हेंबरात सिडनीहून निघालेले 'स्ट्रॅथलेव्हन' हे जहाज गोठविलेले मांस घेऊन १८८० च्या फेब्रुवारीत लंडनला सुखरूप पोहोचले. जे मांस आतापर्यंत देशातच खपवावे लागत होते त्याला परदेशी गिऱ्हाईक मिळाले. चांगले तुकडे बाहेर जाऊ लागले आणि दुय्यम मांस खिम्यात उतरू लागले, असे अनुमान येथे करता येते. थोड्याच वर्षांत १८९३ ची बँकांची पडझड आली आणि बेकारी वाढली. याच दशकात सिडनीत जॉर्ज व शार्लट सार्जंट या दांपत्याने एक पेनीचा मीट-पाय विकून मोठा व्यवसाय उभारला. सुबत्तेत जन्मलेला पदार्थ अशा रीतीने टंचाईतही उपयोगी पडला, आणि दोन्ही काळांत टिकल्यामुळेच तो रूढ झाला.

ॲडलेडचा प्रकार तर स्वतंत्र निबंधाचा विषय व्हावा. तेथे घोड्याने ओढावयाचे मीट-पायचे गाडे संध्याकाळी रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहत. १८८० च्या दशकात किंग विल्यम स्ट्रीट व नॉर्थ टेरेस या दोन रस्त्यांवर असे तेरा गाडे होते, १९५८ पर्यंत दोनच उरले. त्यांपैकी रेल्वे स्थानकाजवळचा गाडा २००७ साली ट्रामचा मार्ग वाढविण्यात आला तेव्हा गेला, आणि टपाल कचेरीजवळचा २०१० साली. या गाड्यांवर मिळणारा 'फ्लोटर' म्हणजे हिरव्या वाटाण्याच्या दाट रश्श्यात तरंगत ठेवलेला मीट-पाय. न्यायाधीश, नाटकाहून परतणारे रसिक, रात्रपाळीचे कामगार आणि मद्यपी हे सर्व तेथे एकाच फळीशी उभे राहून खात. १९१६ पासून १९६७ पर्यंत त्या राज्यात मद्यगृहे संध्याकाळी सहालाच बंद होत. त्यानंतर शहरात उजेड व ऊब यांची जी थोडी ठिकाणे उरत त्यांत हे गाडे होते. २००३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल ट्रस्टने फ्लोटरला राज्याच्या वारशाचे मानचिन्ह ठरविले. पीठ, मांस आणि वाटाणे : १७८८ च्या शिध्याची यादी येथे एका बशीत पुन्हा जमलेली पाहून इतिहासाच्या अभ्यासकाला मोह होतो. तो मात्र आवरला पाहिजे. १८३६ साली स्थापन झालेल्या दक्षिण ऑस्ट्रेलियात कैदी पाठविले गेले नव्हते, आणि उत्तर इंग्लंडात मीट-पाय व वाटाणे यांची जोडी आधीपासून प्रचलित होती. सरळ वंशावळ लावता येत नाही. एवढेच म्हणता येते की, खलाशाचा शिधा आणि इंग्रज कामगाराचे जेवण ही दोन्ही एकाच गरजेची अपत्ये होत. सिडनीच्या वुलुमुलू भागात आरमारी गोदीच्या दरवाजाशी १९३८ साली हॅरी एडवर्ड्स याने जो गाडा सुरू केला, आणि युद्धात सैनिक म्हणून जाऊन आल्यावर १९४५ मध्ये पुन्हा उघडला, तेथेही मीट-पायवर कुस्करलेले बटाटे व वाटाणेच घालतात. त्याचे गिऱ्हाईक अर्थातच खलाशी.

येथवर जे पदार्थ आले ते रस्त्याचे, आणि बहुतांशी पुरुषांचे. बेकरीतील गोड बाजूचा इतिहास मात्र घरातून, म्हणजे स्त्रियांच्या हातून आला आहे. १९२२ साली न्यू साउथ वेल्समध्ये ग्रामीण स्त्रियांची कंट्री विमेन्स असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिच्या शाखांतून आणि कृषिप्रदर्शनांतील केकच्या स्पर्धांतून पाककृतींचा एक अलिखित पाठ्यक्रमच तयार झाला. शाळेला वाचनालय हवे, गावाला दवाखाना हवा, की बायकांनी केक करून विकावयाचे ही रीत पडली. या निधिसंकलनात ज्या केकने सर्वांत अधिक भार वाहिला त्याचे नाव लॅमिंग्टन. स्पंजकेकचे चौकोनी तुकडे चॉकलेटच्या पाकात बुडवून सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळले की लॅमिंग्टन होतो. १९०० च्या सुमारास क्वीन्सलँडच्या नियतकालिकांत त्याची कृती छापलेली आढळते, आणि त्याचे नाव १८९६ ते १९०१ या काळात तेथे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून, किंवा त्यांच्या पत्नीवरून, पडले असे मानतात.

हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. क्वीन्सलँडचे हेच गव्हर्नर १९०३ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर म्हणून आले आणि १९०७ पर्यंत राहिले. वंगभंग व स्वदेशी चळवळीची ती वर्षे. मुंबईतील लॅमिंग्टन रोड त्यांच्याच नावाचा. आज त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानाच्या शोधात जाणारा माणूस अजून जुनेच नाव सांगतो. पुढे १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंग यांनी मायकेल ओडवायर यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा जखमी झालेल्यांत हे लॅमिंग्टनही होते. एका साम्राज्याच्या दोन टोकांस एकाच अधिकाऱ्याचे नाव एके ठिकाणी केकला आणि दुसरीकडे रस्त्याला मिळावे, आणि केकचे नाव टिकावे, रस्त्याचे मात्र बदलावे, यात दोन्ही समाजांचा साम्राज्याशी असलेला संबंध नेमका उमटला आहे. ऑस्ट्रेलियन मुलाला लॅमिंग्टन कोण हे ठाऊक असण्याची गरज पडत नाही.

ॲन्झॅक बिस्किटाची गोष्ट याहून गंभीर आहे. ओटचे पोहे, खोबरे व साखरेचा पाक यांचे, अंडी न घालता केलेले हे बिस्किट गॅलिपोलीच्या १९१५ च्या मोहिमेतील सैनिकांच्या स्मृतीशी जोडले गेले आहे, जरी आजची कृती रूढ झाली ती युद्धानंतरच्या दशकात. 'ॲन्झॅक' हा शब्द व्यापारासाठी वापरण्यास १९२१ च्या नियमांन्वये बंदी आहे. बिस्किटांना सूट मिळते, पण दोन अटींवर : परंपरागत कृतीत मोठा फेरफार करावयाचा नाही आणि त्यांना अमेरिकन पद्धतीने 'कुकी' म्हणावयाचे नाही. शोक, राष्ट्रभावना आणि पाककृती यांना एकाच कायद्याने बांधल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

व्हॅनिला स्लाइस, म्हणजे दोन खुसखुशीत पाऱ्यांमध्ये दाट पिवळे कस्टर्ड बसविलेला तुकडा, याचाही थोडक्यात उल्लेख केला पाहिजे. व्हिक्टोरियाच्या कोरडवाहू गव्हाच्या पट्ट्यातील ओयेन या लहान गावात १९९८ साली राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री जेफ केनेट यांच्या प्रेरणेने याची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. गव्हाच्या गावाने बेकरीच्या जोरावर आपले नाव राखण्याचा तो प्रयत्न होता. पुढे ही स्पर्धा मर्बीन येथे गेली.

'राष्ट्रीय' या विशेषणाकडे आता पुन्हा येऊ. मीट-पाय खाणे जुने असले तरी तो राष्ट्राचे चिन्ह आहे अशी उघड घोषणा होण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले, आणि ती घोषणा एका मोटारीच्या जाहिरातीने केली. होल्डन मोटारीच्या त्या गाण्यात फुटबॉल, मीट-पाय, कांगारू आणि ती मोटार यांची एक माळ गुंफली होती. गंमत अशी की, होल्डन ही अमेरिकन कंपनीची शाखा, आणि ते गाणेही अमेरिकेतील शेव्हरोले मोटारीच्या जाहिरातीवरून बेतलेले. तेथे बेसबॉल, हॉट डॉग व सफरचंदाचा पाय होते. याच सुमारास, १९७३ पर्यंत, १९०१ पासून चालत आलेले 'गोऱ्या ऑस्ट्रेलिया'चे धोरण मोडीत निघत होते. समाज जेव्हा एकजिनसी होता तेव्हा त्याला आपल्या पदार्थाचे ढोल वाजवावे लागले नाहीत. तो बदलू लागला तेव्हा चिन्हांची गरज भासू लागली, असे म्हणावयास हरकत नाही. त्या माळेतील मोटारीचे देशातील उत्पादन २०१७ साली थांबले आणि २०२० साली तिचे नावही बंद करण्यात आले.

मीट-पायचे काय झाले ? १९४७ साली बेन्डिगो येथे एल. टी. मॅक्ल्यूर याने सुरू केलेला आणि पुढे मेलबर्नच्या फुटबॉल मैदानांशी एकरूप झालेला 'फोर-एन-ट्वेंटी' हा सर्वांत प्रसिद्ध मीट-पाय काही वर्षे सिंप्लॉट या अमेरिकन कंपनीच्या मालकीचा होता. २००३ साली तो पॅटीज या कंपनीने घेतला. ही कंपनी नेदरलंड्समधून आलेल्या एका कुटुंबाने लेक्स एन्ट्रन्स या किनाऱ्यावरील गावात १९६६ साली घेतलेल्या केकच्या दुकानातून वाढलेली. १९७५ नंतर व्हिएतनाम व कंबोडियातून निर्वासित आले. फ्रेंच अमलात पावाची कला त्यांच्या देशांत रुजलेली होतीच. लहान गावांतील कितीतरी बेकऱ्या आज या लोकांच्या हाती आहेत. पहाटे तीनला उठून भट्टी पेटविण्याचे काम जुन्या मालकांच्या मुलांना नको होते. देशातील उत्कृष्ट मीट-पायच्या वार्षिक स्पर्धेत २०१८ नंतर व्हिक्टोरियातील काइन्टन येथील कंबोडियन वंशाच्या बंधूंची बेकरी एकाहून अधिक वेळा पहिली आली. सारण डुकराच्या मांसाचे, साखरेच्या पाकात परतलेले व मिरीचे असले तरी परीक्षकांनी त्यास ऑस्ट्रेलियनच मानले.

शासनानेही या पदार्थाची व्याख्या केली आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या संयुक्त अन्नसंहितेनुसार मीट-पायमध्ये किमान २५ टक्के मांस असले पाहिजे. हे मांस गाय-बैल, मेंढी, डुक्कर, कोंबडी यांचे असू शकते, तसेच म्हैस, उंट, हरिण, ससा यांचेही. आणि 'मांस' या शब्दात चरबी, त्वचा व स्नायुबंधही धरले जातात. कोठारातला तराजू गेला, पण मजुराच्या वाट्याचे मांस शासनाने ठरवून देण्याची पद्धत कायम राहिली.

पॅटीजचे ते मूळ दुकान घेतले गेले ते १९६६ हे वर्ष दुसऱ्याही एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी ऑगस्टच्या २३ तारखेस, नॉर्दर्न टेरिटरीतील वेव्ह हिल या, व्हेस्टी या ब्रिटिश कंपनीच्या गुरांच्या कुरणावर, व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंदजी जमातीचे सुमारे दोनशे लोक काम सोडून चालते झाले. व्हेस्टी कंपनीचा व्यवसाय मांसाचाच होता. तिची गुरे राखणाऱ्या या लोकांना मिळे तो खारवलेल्या मांसाचा निकृष्ट भाग, पीठ, साखर आणि चहा. बाहेरच्यांना प्रथम तो वेतनाचा संप वाटला. त्यांची मागणी मात्र भूमीची होती. डिसेंबर १९६८ पासून मूळ रहिवाशांना समान वेतन देण्याचा निर्णय अमलात आला, आणि ते देण्यापेक्षा अनेक कुरणमालकांनी त्यांना कामावरून व वस्तीवरूनही घालवून दिले. शिधा त्या दिवशी बंद झाला. गुरिंदजी परत गेले नाहीत. वॅटी क्रीक येथे त्यांनी वस्ती केली, आणि १९७५ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी तेथे येऊन लिंगियारींच्या हातावर मूठभर माती ओतली.